वर्षाकाठचे खर्च बाराने भागा

दर महिन्याचा हिशोब लिहूनही जूनमध्ये सगळं कोलमडतं, असं तुम्ही म्हणालात. आमचंही कितीतरी वर्षं हेच व्हायचं. वाणसामान, दूध, गॅस, वीजबिल यांचा अंदाज चुकत नाही. घात करतात ते वर्षातून एकदाच येणारे खर्च. म्हणून आम्ही आधी त्यांचीच यादी केली: शाळेची फी ३६,०००, विम्याचे हप्ते १८,०००, गणपती-दिवाळी २४,०००, स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग ६,०००. एकूण ८४,०००, म्हणजे महिन्याला ७,०००. पगार झाला की दुसऱ्याच दिवशी एवढी रक्कम वेगळ्या बचत खात्यात जाते. त्या खात्याचं एटीएम कार्ड आम्ही घेतलंच नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आवर्ती ठेवही (दरमहा ठरावीक रक्कम भरायची, ठरावीक मुदतीची बँकेतली ठेव) चालेल, पण फी जूनमध्ये, दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मुदत संपायच्या आधी पैसे लागले तर ती मोडावी लागते.

पहिलं वर्ष मात्र अवघड जातं. समजा ऑक्टोबरात सुरुवात केलीत तर जूनपर्यंत फीपुरते साठतील, पण मधल्या विम्याच्या हप्त्याला थोडी ओढाताण होईल. तेवढ्यापुरता दिवाळीचा बोनस बाजूला ठेवा. आणि यादी नवरा-बायकोने एकत्र बसूनच करा, एकट्याला निम्मे खर्च आठवतच नाहीत.