इम्प्लांटची घाई नको
ब्रेस्ट कॅन्सरमुळे एका ताईंचा स्तन काढायचा आहे, आणि 'त्याच ऑपरेशनमध्ये इम्प्लांट (स्तनाच्या जागी बसवायची कृत्रिम पिशवी) बसवून मोकळं व्हावं' असं त्यांना कुणीतरी सुचवलंय. रेडिएशन लागणार नसेल तर ठीक. पण काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचला असेल तर ते बऱ्याचदा द्यावं लागतं, आणि मग इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेलं आवरण आवळत जाऊ शकतं: छाती दगडासारखी कडक, दुखरी, एक बाजू वर ओढलेली. पोटाची त्वचा आणि चरबी वापरून केलेला स्तन अशा वेळी जास्त चांगला टिकतो. त्यासाठी रेडिएशननंतर साधारण ६ ते १२ महिने थांबायला सांगतात. थांबणं जड जातं, मान्य. तरी ताईंनी कॅन्सर सर्जन, प्लास्टिक सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर, तिघांचं मत स्तन काढण्याआधीच घ्यावं. तंबाखू-सिगारेट असेल तर आजच बंद. त्याने जखम भरायला फार त्रास होतो.