मदत हवी आहे: वेस्लियनच्या कॉलेज ऑफ सोशल स्टडीजबद्दल

नमस्कार मंडळी, माझी भाची अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. तिथल्या कॉलेज ऑफ सोशल स्टडीजला अर्ज करायचं तिने मनावर घेतलंय. १९५९ पासूनचा हा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य अभ्यासक्रम. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान एकत्र शिकवतात. दुसऱ्या वर्षी छोट्या गटात ट्युटोरियल, जवळपास दर आठवड्याला निबंध, ग्रेडऐवजी लेखी अभिप्राय आणि वर्षअखेर मोठी परीक्षा.

मला काळजी आहे ती निबंधांची. तिला वाचायची खूप आवड, पण लिहायला बसली की पहिला परिच्छेदच चार वेळा खोडते. सोमवारी मार्क्स, शुक्रवारी वेबर अशा वेगात तिचा निभाव लागेल का? वाचताना टिपणं कशी काढायची, सगळं वाचून होत नसेल तर काय सोडायचं? आणि गटात आपलं लिखाण सगळ्यांसमोर तपासलं जातं, त्याची सवय किती दिवसांत होते?

असा आंतरविद्याशाखीय अभ्यास कुठेही केलेला असेल, ऑक्सफर्डच्या पीपीईसारखा (तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र), तरी कृपया लिहा. संख्याशास्त्राचे एक-दोन कोर्स सोबत झेपतात का, हेही सांगा. अर्जाची मुदत जवळ आलीये.