'सान' कुठे लावायचा, कुठे गाळायचा?

जपानी शिकलेल्यांना विचारायचं आहे. नावानंतर लागणाऱ्या 'सान'पुढे शब्दकोशात श्री., राव, साहेब असं काहीबाही दिलेलं असतं, आणि मी तो 'जी'सारखा सगळ्यांना लावत आले. एन३ ही जपानीची परीक्षा झाल्यावर एका जपानी कंपनीत दुभाषी म्हणून लागले. दुसऱ्याच आठवड्यात बाहेरून फोन आला, विभागप्रमुखांसाठी. त्यांना इथे तानाका म्हणू. मी म्हटलं, 'तानाका-सान वा इमा इमासेन', म्हणजे तानाका-सान आत्ता नाहीत. फोन ठेवल्यावर शेजारच्या जपानी सहकाऱ्याने कागदावर 'सान' लिहिलं आणि त्यावर हळूच काट मारून दाखवली. हे गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे! त्यांचं नुसतं आडनाव कसं घ्यायचं?

प्रतिसाद १:
घ्यायचंच. 'तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु', म्हणजे जागेवर नाहीत. शेवटी 'इमासु' नाही, 'ओरिमासु' आहे. ते 'असणे'चं नम्र रूप, आपल्याकडच्या माणसांसाठी. 'उची' म्हणजे आतले आणि 'सोतो' म्हणजे बाहेरचे, ही रेघ आधी बघायची. बाहेरच्याशी बोलताना आतल्या कुणालाच वर चढवायचं नाही, मग तो साहेब का असेना. हुद्द्याचंही तेच. 'बुचो' म्हणजे विभागप्रमुख: ऑफिसात 'तानाका-बुचो', बाहेरच्यापुढे 'बुचो नो तानाका'. हुद्दा नावामागून आला की मान, नावाआधी आला की नुसती माहिती.

आणि रेघ सरकते, हे फार महत्त्वाचं. उद्या तानाकांच्या पत्नीचा फोन आला तर 'सान' परत लावायचा. तिच्यापुढे ते तिच्या घरचे, तुम्ही बाहेरच्या.

प्रतिसाद २:
आईचंही तसंच. स्वतःच्या आईबद्दल परक्याशी बोलताना 'हाहा', दुसऱ्याच्या आईला 'ओकाआसान'. घरात हाक मात्र 'ओकाआसान' अशीच. कंपनीलाही हे लागू आहे: समोरच्याची 'ओन्शा', आपली 'हेइशा'. यातल्या 'हेइ'चा मूळ अर्थ जीर्ण, फाटकं. 'आमच्या गरिबाच्या घरी पायधूळ झाडा' म्हणणाऱ्याला हे लगेच कळावं.

प्रतिसाद ३:
शब्दाबाबत कळतं, माणसाबाबत अडतं. मराठीत मान माणसाला चिकटलेला असतो. 'बाबा म्हणाले' हे ऐकणारा कुणीही असो, 'बाबा म्हणाला' होत नाही. लग्नपत्रिकेत तर आपण आपल्याच घरच्यांना श्री. आणि सौ. लावून गावभर वाटतो. म्हणून 'सान' गाळताना जीभ अडखळते, आपण कुणाला तरी उणं केलं असं वाटतं. माझ्या मते तिथे उलटं घडतं: 'सान' गाळला म्हणजे ते तुमचे झाले. तुमच्या सहकाऱ्याने काट मारून तुम्हाला रेघेच्या आत घेतलं, असं मी तरी वाचेन. (कोरियन शिकणाऱ्यांनी ही सवय तिकडे नेऊ नये. तिथे बाहेरच्याशी बोलतानाही स्वतःच्या साहेबांना लावायचा मानाचा 'निम' राहतो.)

मूळ प्रश्नकर्ती:
'आत घेतलं' हे वाचून बरं वाटलं, मी आठवडाभर ते रागावलेत असंच समजत होते. आज पुन्हा फोन आला, 'तानाका वा' म्हणताना हात घामेजले, पण म्हटलं. तेवढ्यात आमच्या शॉप फ्लोअरवरचा एकजण त्यांनाच शोधत आला. त्याला मी मराठीत सांगितलं, 'तानाकासाहेब जागेवर नाहीत.'