मदत हवी आहे: स्पोर्ट्स कार पावसात चालवावी का? (मधलं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, कापडी छत)

उघडंछप्पर

आधी गाडीची माहिती. दोन आसनी, इंजिन आसनांच्या मागे, ताकद फक्त मागच्या चाकांना, डिफरन्शियल (दोन्ही चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच) मेकॅनिकल लॉकिंगचं. टायरची रुंदी पुढे २३५ मिमी, मागे २६५ मिमी, ट्रॅकवर वापरतात त्या जातीचे, म्हणजे खाचा मोजक्याच. खाचांची खोली पुढे ४.५ मिमी, मागे २.८ मिमी. हवा गाडी थंड असताना पुढे ३१, मागे ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). ब्रेकच्या डिस्क साध्या लोखंडी, छिद्रं पाडलेल्या.

विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे "थेंबही लागू देऊ नका", आणि दुसरं "गाडी आहे, मिठाची बाहुली नाही". दोन्ही पक्ष कारण सांगत नाहीत. म्हणून नेमके प्रश्न:

१. पावसाच्या पाण्याने अशा गाडीचं प्रत्यक्ष काय बिघडतं?
२. हे टायर पावसात चालतील का?
३. साचलेलं पाणी किती खोल चालेल?
४. भिजून आल्यावर काय करायचं?

"जपून चालवा" छापाचे सल्ले नकोत. आकडे असतील तर द्या.

वंगणवाला

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, बाकीचे तीन त्याच्यापुढे किरकोळ आहेत. मागे २.८ मिमी असताना जोराच्या पावसात निघू नका.

१.६ मिमी ही बऱ्याच देशांत कायद्याची किमान मर्यादा आहे. ती टायर टाकून देण्याची रेषा आहे, पावसात विसंबण्याची नव्हे. उन्हाळी टायर (म्हणजे बर्फ-थंडीसाठीचा खास नसलेला) ३ मिमीच्या खाली गेला की पाणी बाहेर फेकायची त्याची क्षमता झपाट्याने घटते. ट्रॅकच्या टायरला खाचा मुळातच कमी, शिवाय त्याचं रबर तापल्यावरच पकड देतं. ओला रस्ता त्याला तापूच देत नाही. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

पण खरी गोम पुढच्या-मागच्या फरकात आहे. पुढचे टायर आधी पाण्यावर तरंगले, म्हणजे रस्त्यापासून सुटले, तर स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, गाडी सरळ जात राहते आणि वेग उतरला की पकड परत येते. मागचे आधी तरंगले तर हाताला काही कळत नाही, गाडीचं बूड (मागचा भाग) थेट बाजूला निघतं. तुमच्या गाडीचं वजन मध्यावर गोळा झालेलं आहे, त्यामुळे एकदा फिरायला लागली की भरभर फिरते. मागच्या चाकांना ताकद असल्यावर मागचेच टायर आधी झिजतात, म्हणजे काही न करता गाडी आपोआप वाईट बाजूला सरकत जाते.

आकडा हवा होता ना? १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक ढोबळ सूत्र काढलं: हवेच्या दाबाचं (पीएसआय) वर्गमूळ गुणिले १६.७ म्हणजे टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग, किमी प्रतितास. तुमचे पुढचे ९३, मागचे ९६. सूत्रात खाचा नाहीत आणि रुंदीही नाही. पाण्याचा थर खाचांपेक्षा जाड झाला की हा आकडा खरा व्हायला लागतो. रुंद टायरचा जमिनीवरचा ठसा आडवा आणि आखूड असतो, पाण्याला बाजूला व्हायला वेळ आणि वाट दोन्ही कमी मिळतात. म्हणून प्रत्यक्षात तुमचे मागचे टायर ९६ च्या बरेच आधी सुटतील असं धरा.

शंकासुर

म्हणजे हवा वाढवली की वेग वाढला! ३३ च्या जागी ४० भरली तर?

वंगणवाला

कागदावर १०६ येतात, दहाचा फायदा. पण टायर मध्ये फुगतो, ठसा लहान होतो, आणि जिथे पाणी साचलेलं नाही, रस्ता नुसता ओला आहे, तिथली पकड जाते. पावसातला बहुतेक रस्ता असाच असतो. मॅन्युअलमध्ये दिलेली हवा ठेवा. याहून मोठी चूक म्हणजे "पकड वाढते" म्हणून हवा काढणं. ते वाळूत आणि चिखलात चालतं, डांबरावरच्या पाण्यात बरोबर उलटं होतं.

काठावरचा

टायरचं पटलं. पण मुळात गाडी पावसात काढायचीच कशाला? पाणी जोडांत, पॅनलच्या मागे, फोमच्या खाली जाऊन बसतं. दिसेपर्यंत आतून पत्रा गेलेला असतो.

टॉर्क_पाना

हे गाडीच्या जन्मसालावर आणि बांधणीवर आहे, सरसकट नाही. १९७० च्या दशकातल्या कित्येक स्पोर्ट्स कार बिनसंरक्षित पत्र्याच्या होत्या, त्यांच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर. पण पोर्शने १९७६ च्या मॉडेलपासून ९११ चा सांगाडा जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याचा केला. १९९६ साली आलेल्या लोटस एलिसची चौकट ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवून केलेली आणि अंग फायबरचं, तिथे पत्रा गंजायचा प्रश्नच नाही. गंजतात ते सस्पेन्शनचे लोखंडी हात आणि बोल्ट.

ॲल्युमिनियमच्या गाडीत बघायची जागा वेगळी. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसतो, मध्ये खारट पाणी गेलं की तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी भुकटी दिसली की समजा. यात खरा गुन्हेगार मीठ: बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं किंवा समुद्राच्या वाऱ्याने आलेलं. नुसतं पावसाचं पाणी वाहून गेलं आणि वाळलं तर आधुनिक गाडीचं फारसं काही वाकडं करत नाही. जे वाहून जात नाही ते करतं.

निचरा

+१, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. कापडी छताच्या गाडीत पाणी आत येऊ नये अशी रचना नसतेच. छताच्या मागच्या कडेला पाणी गोळा होतं आणि नळ्यांतून खाली सोडलेलं असतं. पानं आणि धूळ बसून नळी तुंबली की पाणी वाट शोधतं, आणि ती वाट आतल्या गालिच्याकडे जाते.

उदाहरणं द्यायची तर, पोर्शच्या पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये (कंपनीचा क्रमांक ९८६) इमोबिलायझरचं, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं युनिट ड्रायव्हरच्या आसनाखाली, गाडीच्या जवळपास सर्वांत खोल जागी आहे. नळी तुंबली की पाणी तिथे येतं आणि गाडी चालूच होत नाही. माणूस बॅटरी बदलत बसतो. माझ्दा एमएक्स-५ च्या जुन्या पिढ्यांत हेच पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साचतं आणि पट्टी आतून गंजते.

तपासणी: छत अर्धं उघडून थांबवा म्हणजे कडेची भोकं दिसतील. प्रत्येकात अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. ते लगेच मागच्या चाकाच्या आसपास जमिनीवर पडायला हवं. थेंबथेंब पडत असेल तर गवत कापायच्या यंत्रात असते ती २–३ मिमीची नायलॉनची दोरी, टोक गोल करून, फिरवत आत घाला. कंप्रेसरची हवा मारू नका. नळी आतल्या आत सांध्यातून निसटते, मग बाहेरून सगळं साफ दिसतं आणि पाणी थेट बॉडीत पडतं.

वायपरखालची जाळी आणि पुढच्या बंपरमधली रेडिएटरची तोंडंही बघा. ओली पानं एसीच्या कंडेन्सरला चिकटून राहिली की त्याच्या पातळ पट्ट्या कुजतात. दोन बोटं घालून निघणारा कचरा आहे, पण कुणी घालत नाही.

टॉर्क_पाना

तिसरा प्रश्न. पाणी रिमच्या खालच्या कडेला लागतंय, म्हणजे साधारण १० सेमी, तिथे थांबा. मॅन्युअलमध्ये त्याहून कमी आकडा असेल तर तोच पाळा.

भीती इंजिनात पाणी ओढलं जाण्याची. पाणी दाबलं जात नाही. समजा एका सिलिंडरचं आकारमान ५०० सीसी आणि दाबाचं गुणोत्तर १०:१, तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा सुमारे ५५ सीसी. म्हणजे चारेक मोठे चमचे पाणी पुरे, पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. मधल्या इंजिनाच्या गाड्यांत हवा बहुधा दारामागून, बऱ्यापैकी उंचावरून आत जाते, त्यामुळे तुम्हाला धोका कमी. पण कुणी हवेचा फिल्टर बाहेरचा बसवून बंपरच्या आत खाली नेला असेल तर तो पावसाळ्यापुरता काढा.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी मारायची नाही. पहिल्या झटक्यात बऱ्याचदा रॉड वाचलेला असतो, दुसऱ्यात जातो. स्पार्क प्लग काढा, इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या, मग बाकीचं.

आणि १० सेमी पाण्यातही चालण्याच्या वेगाने जा. या गाड्यांचा तळ सपाट पत्र्यांनी झाकलेला असतो. जोरात गेलात की पाणी त्याला खालून उचलतं आणि क्लिपा तुटतात. समोरून येणाऱ्या मोठ्या गाडीची लाट हिशोबात धरा.

उघडंछप्पर

सगळ्यांचे आभार. मागचे टायर बदलणार हे नक्की. दोन बदलू की चार? आणि डिफरन्शियलबद्दल कुणीच बोललं नाही.

वंगणवाला

चार बदला, आणि ट्रॅकचे नव्हे, रस्त्यावरचे उन्हाळी टायर घ्या, चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. मागे नवे रस्त्याचे आणि पुढे जुने ट्रॅकचे असं केलंत तर निदान पुढचे आधी सुटतील, पण गाडीचा तोल कधी कसा बदलेल याचा भरवसा नाही. घेताना कडेवरचे चार अंक वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. "२३२४" म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. खाचा शाबूत असल्या तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, आणि ते ओल्यातच उघडं पडतं. तापमान ७ अंशांच्या खाली जात असेल तर उन्हाळी टायरच चुकीचा.

(अवांतर: फॉर्म्युला वनचा पूर्ण पावसाळी टायर ३०० किमी वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला करतो असं टायर बनवणारी पिरेली सांगते. आपले टायर त्या गावचे नाहीत.)

काठावरचा

डिफरन्शियलचं मी सांगतो. साधं डिफरन्शियल असतं तेव्हा ओल्यात आतलं एक चाक नुसतंच फिरतं, दुसरं गाडीला धरून ठेवतं. चिडचिड होते, पण गाडी सरळ राहते. लॉकिंगवालं दोन्ही चाकं बांधतं. ॲक्सिलरेटर जास्त झाला की दोन्ही एकदम घसरतात, आणि घसरणाऱ्या चाकाला बाजूची पकड जवळजवळ नसते. मग बूड सुटतं. म्हणून वळणातून निघताना स्टिअरिंग सरळ व्हायला लागल्यावरच पाय द्या, आणि एक गिअर वरचा ठेवा. दुसऱ्याऐवजी तिसरा. टर्बो असेल तर हे दुप्पट खरं, कारण दाब उशिरा आणि एकदम येतो.

वळणात मध्येच घाबरून पाय काढणं त्याहून वाईट. वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि इंजिनाचा ब्रेकही त्याच चाकांना लागतो. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर उतरवा.

पावसाचा मोड असेल तर लावा, स्थिरता नियंत्रण (घसरताना गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) बंद करू नका. २०१९ च्या ९११ मध्ये (कंपनीचा क्रमांक ९९२) पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज ऐकणारे सेन्सर आहेत, ते उडणाऱ्या पाण्यावरून रस्ता ओला असल्याचं ओळखतात. पण मोड लावायचा चालकानेच, गाडी फक्त सुचवते. अशी कुठलीही यंत्रणा असलेली पकड नीट वाटते, नसलेली तयार करत नाही. तरंगणाऱ्या टायरपुढे तिचाही इलाज नाही. क्रूझ कंट्रोल बंद.

बऱ्याच दिवसांच्या कोरड्यानंतरच्या पहिल्या सरीत रस्ता सर्वांत निसरडा असतो, तेल आणि धूळ वर येते. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पुलांचे सांधे यांवर ब्रेक किंवा ॲक्सिलरेटर नको. जड वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत पाणी साचतं, लेनमध्येच हातभर बाजूने चाला.

(काठावरचा असलो तरी चालवायचीच तर अशी.)

शंकासुर

ब्रेक राहिले.

टॉर्क_पाना

ओल्या डिस्कवर पाण्याची पातळ साय असते, पहिल्या दाबाला ब्रेक क्षणभर उशिरा लागतो. कार्बन-सिरॅमिक डिस्कवर हे जास्त जाणवतं. काही गाड्या वायपर चालू असताना मधूनमधून पॅड हळूच टेकवून साय पुसतात. तुमच्यात ती सोय नसेल तर मागे कुणी नाही बघून दर काही मिनिटांनी पॅडल हलकं दाबा. पुढच्या गाडीपासून कोरड्यात दोन सेकंदांचं अंतर ठेवत असाल तर पावसात चार.

निचरा

चौथा प्रश्न, क्रमाने.

पोचायच्या आधीच्या शेवटच्या किलोमीटरमध्ये ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबून गरम करा, डिस्क वाळतात. पाच मिनिटांची फेरी मारून गाडी बंद करू नका. इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाचा काटा लवकर वर येतो, तेल तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि तोवर सायलेन्सरमध्ये साठलेलं पाणी तिथेच राहतं.

चाकांच्या कमानी आणि तळ साध्या पाण्याने धुवा, प्रेशरचा फवारा छताच्या शिवणीपासून दूर ठेवा. अंग मायक्रोफायबरने टिपून घ्या, विशेषतः धुतल्यावर. नळाच्या पाण्याचे क्षार उन्हात वाळून डाग पडतात. छत पूर्ण वाळेपर्यंत दुमडू नका, घडीत बुरशी धरते. गाडी ओली असताना कव्हर घालू नका. कव्हरखालची वाफ पावसापेक्षा जास्त नुकसान करते. काच किंचित खाली, हवा खेळती.

उघडंछप्पर

शेवटचं: भिजलेली गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढायचा का?

टॉर्क_पाना

नाही. पॅड डिस्कला गंजाने चिकटतात, निघताना ठप्प आवाज येतो आणि कधी पॅडचं अस्तर मागच्या पत्र्यापासून सुटतं. जमीन सपाट असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर. इलेक्ट्रिक हँडब्रेक गाडी बंद केल्यावर आपोआप लागत असेल तर तो सोडून ठेवायची पद्धत मॅन्युअलमध्ये बघा. डिस्कवर सकाळी दिसणारा तांबूस थर पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये जातो, त्यावर स्प्रे मारायला जाऊ नका.