नाचक्की आणि बदनामी: फरक काय?

प्रश्न
वार्षिक अहवालात मी लिहिलं होतं, 'साखळीतले सगळे सामने हरल्यामुळे मंडळाची बदनामी झाली.' आमच्या चिटणीसांनी 'बदनामी' खोडून 'नाचक्की' केलं. अर्थ एकच ना? मग खोडायचं कशाला?

प्रतिसाद
खोडलं ते बरोबरच. बदनामी बहुधा दुसरं कोणीतरी करतं: कंड्या पिकवून, पत्रकं काढून. काही दोष नसतानाही माणूस बदनाम होतो. नाचक्कीला असा वैरी लागत नाही. ती आपल्याच करणीने ओढवते आणि चारचौघांत होते. लग्नात तिसऱ्या पंगतीला वरण संपलं, वाढपी रिकामं भगोणं घेऊन उभा, की झाली यजमानांची नाचक्की. घरचे मग 'व्याह्यांपुढे पार शोभा झाली' म्हणतात. ही उपरोधाची शोभा मला तरी नाचक्कीपेक्षा जास्त झोंबते. पत न जाता नुसतं हसं झालं, तर ती फजिती.

दावा लागतो तोही बदनामीचा, अब्रुनुकसानीचा, नाचक्कीचा नाही. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना शिक्षा झाली आणि 1882 साली त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं, ती बनावट निघाली होती. एवढं होऊनही नाचक्की झाली नाही. सुटल्यावर लोकांनी जंगी स्वागत केलं.

आणखी एक प्रतिसाद
'दुर्लौकिक' राहिला. नाचक्की एका संध्याकाळीही होते, दुर्लौकिक वर्षानुवर्षं साचतो. हा शब्द आता लिहिण्यापुरताच उरलाय. बोलताना आपण 'त्याचं नाव खराब आहे' किंवा 'बद्दू झालाय' म्हणून मोकळे होतो.

'नामचीन'ही जपून वापरा. हिंदीत वकील, डॉक्टर, शायर सगळे नामचीन असतात. मराठी बातमीत मात्र नामचीन म्हटलं की पुढे गुंडच येतो. सत्काराच्या पत्रिकेत हिंदीवरून उचलून हा शब्द घातलात, तर उत्सवमूर्ती मंचावर येतील की नाही सांगता येत नाही.

प्रश्नकर्ता
म्हणजे हरलो ती नाचक्की. आणि 'पैसे घेऊन हरले' अशी गावात आवई उठलीय, ती?

प्रतिसाद
ती बदनामी. चौकशीत खरी निघाली, तर तीही नाचक्कीच.