विषय: लॅपटॉपवर परत विंडोज ७ टाकावं का?

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात लॅपटॉप विंडोज १० वरून ११ वर नेला आणि पस्तावलो. माझं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर १० वर कुरकुरत का होईना, चालायचं. आता उघडतच नाही. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली पंधरा वर्षांची टिपणं त्यात आहेत. दुसरीकडे उघडली की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. विंडोज ७ ची डीव्हीडी कपाटात आहे, सगळं पुसून तीच टाकतो म्हणतो. कुणी केलंय का असं?

---

काका, नमस्कार.

डीव्हीडी कपाटातच राहू द्या. मी हा उद्योग करून बसले आहे, इंटेलच्या आठव्या पिढीच्या लॅपटॉपवर. इन्स्टॉलरचा पहिला पडदा आला आणि टचपॅड मेलेलं, यूएसबी माउसही मेलेला. ७ मध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर (तो भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) मुळातच नाहीत. ते घुसवले तर एनव्हीएमई, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क दिसेना. ते निस्तरलं तर वाय-फाय नाही, आणि त्याचा ड्रायव्हर उतरवायला वाय-फाय हवं! ग्राफिक्सचा ड्रायव्हर तर शेवटपर्यंत मिळाला नाही. ब्राइटनेस कमी होईना, रात्री डोळ्यांत टॉर्च मारल्यासारखं. दोन दिवसांनी मुकाट्याने परत फिरले.

शिवाय ७ चे मोफत सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. क्रोमही त्यावर १०९ व्या आवृत्तीपुढे जात नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा त्यावरचं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ते न लावलेले बरेच लोक सापडले. ७ वर लावायला अपडेटच येत नाही, त्यामुळे बँकेचं काम तिथे नकोच.

११ वर जाऊन दहा दिवस व्हायचे असतील, तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे ‘गो बॅक’ सापडेल. फाइली राहतात, मधल्या काळात टाकलेले प्रोग्रॅम जातात. तरी बॅकअप घ्याच. जुनं विंडोज ठेवलेलं ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर पुसलं असेल तर मात्र ती वाट बंद. आणि १० चा नेहमीचा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हे धरून चला.

मला विचाराल तर ११ राहू द्या, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका विंडोजच्या आत दुसरं चालवणारा प्रोग्रॅम) ७ टाका आणि त्याचं नेट तोडा. टायपिंग तिथे, बाकी सगळं बाहेर.

---

ताई, आज आठवा दिवस, फोल्डरही शाबूत आहे. पण ११ च ठेवून तुमची युक्ती करून बघतो. एकच शंका: सॉफ्टवेअरला डोंगल लागतो, म्हणजे ती जोडायची किल्ली असल्याशिवाय ते उघडत नाही. तो आतल्या विंडोजला दिसेल?

---

यूएसबीचा असेल तर बहुधा दिसेल. व्हर्च्युअलबॉक्सच्या डिव्हाइसेस मेनूतून तो आत जोडून द्यायचा. प्रिंटरच्या जुन्या २५ पिनांच्या पोर्टचा असेल तर ‘गो बॅक’ची वाट बंद व्हायच्या आत, म्हणजे दहाव्या दिवसाच्या आत मला फोन करा.