मदत हवी आहे: विममध्ये मराठी लिहिताना एस्केपनंतर काहीच चालत नाही

सुरसागरकाठी: आजोबांच्या वह्या टाइप करतोय, ४० पानं झाली. कोडिंगमुळे विम या एडिटरची सवय, दुसरीकडे हात चालत नाही. पण मराठीत लिहून, कमांड द्यायला एस्केप मारलं की सगळं ठप्प. ओळ उडवायला डी-डी दाबतो, नुसती घंटा वाजते. सेव्हही होत नाही. फाइलभर ‘छै’ ‘छै’ पडलंय. शनिवारी मंडळात प्रिंट द्यायची आहे. लवकर सांगा.

रावपुरा_रिटर्न्स: सिस्टिम कुठली? टर्मिनलमधलं विम की वेगळ्या खिडकीतलं जीविम? कळांची मांडणी इन्स्क्रिप्ट की इंग्रजी उच्चाराने चालणारी फोनेटिक? आणि ‘छै’ काय, फाइल गुजरातीत आहे का? :)

सुरसागरकाठी: मराठीच आहे हो. कीबोर्ड साधा मराठी.

रावपुरा_रिटर्न्स: ‘साधा’ नावाचा कीबोर्ड मी तरी पाहिला नाही.

निवृत्त_कंपोझिटर: वह्या मोडीत आहेत की बाळबोधेत?

पायमोडका_हलंत: त्याने सांगितलं नाही तरी ‘छै’ सांगतंय. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून कोलनची कळ दाबली की छ, आणि डब्ल्यूवर दोन मात्रा. म्हणजे एस्केप विसरून सेव्हचं कोलन-डब्ल्यू मारलंस तेव्हा ‘छै’ छापलं गेलं, आणि एस्केप मारून दाबलंस तेव्हा विमच्या हातात छ पडला. डी म्हणजे हलंत. विमला दोन हलंत दिलेस तर ते बापडं ओळ कशी उडवणार?

सुरसागरकाठी: हां, इन्स्क्रिप्टच. लिनक्स मिंट, टर्मिनल, भाषा बदलायला आयबस. दर वेळी एस्केप मारून भाषा बदला, परत लिहायला भाषा बदला, वैताग आलाय. उपाय सांगा ना.

टायपिंगगुरू: फोनेटिक घ्या. इन्स्क्रिप्ट फक्त सरकारी परीक्षा देणाऱ्यांसाठी आहे.

पायमोडका_हलंत: फोनेटिक घेतलं तरी एस्केपनंतर भाषा बदलावीच लागणार. आणि इन्स्क्रिप्टला स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, दोन्ही हात आळीपाळीने चालतात. वापरून तर बघा आधी.

टायपिंगगुरू: २० वर्षं टाइप करतोय, मला शिकवू नका.

ईमॅक्सवाला: विम सोडा, ईमॅक्स हा एडिटर आणि त्यात एव्हिल मोड टाका. कळा विमच्याच. देवनागरी इन्स्क्रिप्ट ईमॅक्सच्या आतच आहे. एस्केप मारून नॉर्मलमध्ये आलात की ते आपोआप बंद, लिहायला इन्सर्टमध्ये गेलात की परत चालू. विषय संपला.

रावपुरा_रिटर्न्स: आला! विमचा धागा निघाला की हे हजर. शनिवारी प्रिंट द्यायची आहे त्याला, संसार बदलायचा नाही.

मांडवीचा_बाण: विमचं लँगमॅप सेटिंग लावा. र दिसला की जे समज, क दिसला की के समज, असं विमला एकदाच सांगून ठेवायचं.

पायमोडका_हलंत: लँगमॅप एका अक्षराला एकच अक्षर देतं. शिफ्ट-७ वर क्ष आहे. तो आत गेला की क, हलंत, ष असे तीन तुकडे होतात आणि विम त्या तीन वेगळ्या कळा समजतं. क म्हणजे के, म्हणून आधी एक ओळ वर, मग पुढे काय होईल देव जाणे.

त्यापेक्षा विमचाच कीमॅप करा. होम फोल्डरमधल्या डॉट-विममध्ये ‘कीमॅप’ नावाचा फोल्डर, त्यात एक फाइल. तिच्यात ‘लोडकीमॅप’ ही ओळ, खाली दोन रकाने: डावीकडे इंग्रजी कळ, उजवीकडे मराठी अक्षर. उजवीकडे अख्खा क्ष चालतो. मग सेट कीमॅप बरोबर फाइलीचं नाव. इन्सर्टमध्ये कंट्रोल-६ ने मराठी-इंग्रजी बदलतं. एस्केपनंतर विमला इंग्रजीच मिळतं. स्लॅशने शोधताना मराठी येईल, कोलननंतर इंग्रजी. आर दाबून अक्षर बदललंत तर तिथेही मराठीच येतं.

जुनीहाडं: विममध्ये कर्सर हलवायला एच-जे-के-एलच का, माहीत आहे का कोणाला? बिल जॉयने विमचा पूर्वज व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर. त्याच्या त्याच चार कळांवर बाण छापलेले होते. एस्केपही आजच्या टॅबच्या जागी, करंगळीशीच.

ईमॅक्सवाला: म्हणूनच आज करंगळी दुखते.

सुरसागरकाठी: एच-जे-के-एलचा इतिहास नंतर. तासभर बसून फाइल केली. चालत नाही. आता तर इन्सर्टमध्येही विचित्र वागतंय.

पायमोडका_हलंत: आयबस इंग्रजीवर ठेवलंस ना?

सुरसागरकाठी: …नाही.

पायमोडका_हलंत: ठेव.

सुरसागरकाठी: चाललं!! एस्केप, डी-डी, ओळ गेली. आता ते ‘छै’ कसे काढू? आणि मात्रा चुकली म्हणून बॅकस्पेस मारलं तर अख्खं अक्षर जातं.

रावपुरा_रिटर्न्स: सगळीकडे एकदम बदलायची कमांड दे, पण शेवटी जी-सी लाव, म्हणजे एकेक विचारून काढेल. नाहीतर आजोबांनी कुठे ‘छैलछबिला’ लिहिला असेल तर त्याची मान उडेल.

मांडवीचा_बाण: मात्रेसाठी ‘डेलकम्बाइन’ सेट कर. मग बॅकस्पेसला फक्त मात्रा जाते. अक्षर खोडायच्या एक्सलाही तेच.

टायपिंगगुरू: एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा वर्डमध्ये शनिवारपर्यंत दोनदा टाइप करून झालं असतं.

रावपुरा_रिटर्न्स: शनिवारी मंडळात सेव उसळ आहे का? मग प्रिंट मीच घेऊन येतो.

निवृत्त_कंपोझिटर: माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. मोडी की बाळबोध?

सुरसागरकाठी: माफ करा काका. टाइप केल्या त्या वह्या बाळबोधेत आहेत. पहिल्या दोन मोडीत. त्या अजून उघडल्या नाहीत.